अंतराळाची वाट : भाग ५ – वैमानिकच का?

गेल्या आठवड्यात युरी गागारिनला आपण पृथ्वीभोवती फिरवून सुखरूप खाली आणलं. १२ एप्रिल १९६१, १०८ मिनिटं. पण त्या १०८ मिनिटांत त्यानं यान चालवलं किती? खरं सांगायचं तर जवळजवळ नाहीच. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. म्हणून हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद ठेवली होती. कुलपाचा तीन आकडी संकेत, १२५, एका बंद पाकिटात घालून यानातच दिला होता. पाकीट फोडून आकडा वाचता आला, म्हणजे गडी शुद्धीवर आहे, असा हिशेब! गंमत म्हणजे उड्डाणाआधीच एकाहून अधिक जणांनी तो आकडा त्याला हळूच सांगून टाकला होता.

मग लढाऊ विमानाचे वैमानिकच का शोधले? गाडी हाकायला नव्हेच. अंगावर चौपट-पाचपट वजन आलं तरी ज्याची नजर काट्यांवरून हलत नाही, आवाज-धक्क्यांनी जो बावरत नाही आणि जे दिसतं ते रेडिओवर नेमकं सांगतो, असा माणूस हवा होता. अमेरिकेनेही १९५९ साली निवडलेले सातही जण लष्करी चाचणी वैमानिक होते.

दुसरं कारण उतरण्याचं. वोस्तोकचा गोळा माणसाला आत ठेवून हळुवार टेकवण्याची सोय नव्हती. सुमारे सात किलोमीटर उंचीवर खुर्चीसकट बाहेर फेकलं जायचं आणि स्वतःच्या पॅराशूटनं खाली यायचं. गागारिन तसाच उतरला, पण ही गोष्ट सोव्हिएत सरकारनं बरीच वर्षं दडवली. विक्रमाच्या नियमाप्रमाणे वैमानिक यानासह उतरायला हवा होता. उतरायचं पॅराशूटनंच, म्हणून तर १९६२ मध्ये वालेन्तिना तेरेश्कोवा निवडली गेली. ती वैमानिक नव्हती. यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत काम करायची आणि हौसेनं पॅराशूटच्या उड्या मारायची. अमळनेरची प्रताप मिल ज्यांनी पाहिली, त्यांना गिरणीतून अंतराळात जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १९६३ मध्ये तीन दिवसांत तिनं ४८ प्रदक्षिणा घातल्या.

आता आपल्याकडे येऊ. राकेश शर्मांचं नाव घेतलं की लोकांना इंदिरा गांधींना दिलेलं ते उत्तर आठवतं. मला त्याच्या आधीचा आणि नंतरचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६६ मध्ये ते खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाले, १९७० मध्ये हवाई दलात, आणि १९७१ च्या युद्धात मिग-२१ मधून २१ मोहिमा. पुढे चाचणी वैमानिक. ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून ते गेले तेव्हा कमांडर यूरी मालिशेव होते. शर्मांकडे संशोधनाचं काम होतं : भारतभूमीची छायाचित्रं घेणं आणि वजनरहित अवस्थेत योगासनांचा काय उपयोग होतो ते पाहणं. सॅल्यूत-७ स्थानकावरचा मुक्काम उरकून ११ एप्रिलला ते परतले. त्यांच्याऐवजी जाण्यासाठी शेवटपर्यंत सज्ज असलेले रवीश मल्होत्रा मात्र जमिनीवरच राहिले. त्यांचं नाव आज कितीजणांना आठवतं?

आणि नंतर? १९८७ मध्ये हवाई दल सोडून शर्मा हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक झाले. धुळ्यातल्या देवपूरहून मुंबई-आग्रा महामार्गानं नाशिकला जाताना मालेगाव, चांदवड, पिंपळगाव मागे पडलं की ओझर लागतं. 'ओझर मिग' म्हणून बसवाल्यांनाही ठाऊक असलेली जागा. १९६४ मध्ये मिग-२१ घडवण्यासाठी हा विभाग सुरू झाला, पुढे तिथे मिग-२७ही घडली. नवं बांधलेलं किंवा खोलून पुन्हा जोडलेलं विमान स्क्वाड्रनकडे जाण्याआधी कुणीतरी हवेत नेऊन तपासावं लागतं. अंतराळ पाहून आलेला माणूस १९९२ पर्यंत या विभागात होता. सत्कारांच्या हारांपेक्षा हे काम त्यांना जास्त शोभतं, असं माझं मत आहे.

खडकवासल्याचं अंतराळाशी नातं पुढेही टिकलं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला तिथलेच, आणि गगनयानासाठी निवडलेले बाकीचे तिघेही.

शर्मांच्या यानातला तिसरा माणूस गेन्नादी स्त्रेकालोव. २६ सप्टेंबर १९८३ ला त्याच्या पायाखालच्या रॉकेटनं उड्डाणतळावरच पेट घेतला होता. स्फोट व्हायच्या काही सेकंद आधी तो वाचला कसा, ते पुढच्या भागात.