इंजीन मागे, माणसं पुढे

पहाटे ५.३०
धाराशिवहून येडशीकडे निघायचं ते उजाडायच्या आत. बार्शी लाईट या छोट्या रेल्वेचा जुना मार्ग रामलिंगच्या घाटातून जायचा; रूळ गेले, भराव राहिला. तो भराव टिपायचा तर तिरपं ऊन हवं. नऊनंतर ऊन डोक्यावर येतं, सावल्या आखडतात आणि भराव झाडोऱ्यात हरवतो.

सकाळी ७
तिकाटणं रोवून उभा आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ आणले, १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. त्याचा हिशेब सोपा होता: कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, खर्च आटोक्यात राहतो. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने इथल्या पहिल्या इंजिनांना चालवणारी चाकंच आठ दिली. हे कळलं की या भरावाची अरुंदी पुरेशी वाटू लागते. चार फोटो बरे आले. एकात माकड आलंय, ते राहू दे.

१०.३०
तडवळ्यात चहा. बार्शी लाईटचा विषय काढला की पुढचं ठरलेलं: गाडी इतकी हळू, की एक जण खाली उतरून बोरं तोडून पुन्हा डब्यात चढला. सांगणारा प्रत्येक जण तो माणूस आपला चुलताच होता म्हणतो.

११.३०
एका निवृत्त फायरमनच्या घरी. वय ऐंशीच्या आसपास, कान जरा मंद, हात अजून फावडं धरल्यासारखे. "या, बसा की. फोटो बघायचेत व्हय? पर इंजनाचा एकबी नाही बघा."

खरंच नव्हता. अल्बमात लग्न, बारसं, पंढरीची वारी. मी भिंग घेऊन कोपरे पाहत गेलो. नवरदेवाच्या फेट्यामागे धुराडं निघालं. आजीबाईंच्या खांद्यावरून पाण्याची टाकी डोकावली. "अगं बया!" म्हणत काकूंनी भिंग स्वतःकडे घेतलं आणि इंजीन सोडून आजीबाईंची नथच पाहत बसल्या.

काका मात्र सुरू झाले. कोळसा थोडा थोडा, पण सारखा टाकायचा. एकदम ढीग घातला की आग दबते, धूर काळा होतो, डायव्हर शिव्या देतो. बालाघाटचा चढ लागायच्या आधीच वाफेचा दाब भरून ठेवायचा. डोळा पाण्याच्या काचेवर, कारण चढ संपून उतार लागला की बॉयलरमधलं पाणी पुढं सरतं आणि आगीच्या डोक्यावरचा पत्रा उघडा पडायची भीती. हे सांगताना ते पाटावर बसल्या बसल्या पुढे कलत होते. तो फोटो मी काढला. आजचा सगळ्यात चांगला हाच.

दुपारी २
पिठलं, भाकरी, ठेचा. नको म्हणायची सोयच नव्हती.

४
घरी काकांच्या अल्बमाचं स्कॅनिंग. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० मध्ये नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली. ऊन आपल्या ताब्यात नसतं, म्हणून त्याने अंधार निवडला आणि तारा ओढून डझनावारी फ्लॅश बल्ब एकदम पेटवले. ते फोटो मला फार आवडतात. पण आमच्याकडे तसा कोणी झाला नाही याची हळहळ आता कमी झालीय. लिंकनेही फोटोत माणसं ठेवली, पण इंजिनासाठी जागेवर बसवून. आमच्या अल्बमात इंजीन आपणहून आलंय.

एका फोटोने तासभर खाल्ला. कुर्डुवाडीचा ब्रॉडगेज फलाट, ट्रंकेवर बसलेलं कुटुंब, मागे गोळीसारख्या टोकदार नाकाचं इंजीन. म्हणजे डब्ल्यूपी. या जातीची पहिली सोळा इंजिनं १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली, क्रमांक ७२०० ते ७२१५. पुढे इतर देशांत आणि चित्तरंजनलाही बनली, एकूण ७५५. क्रमांक दिसला तर अमेरिकन की नाही ते लगेच ठरेल. पण नेमका तिथे कुणा मामांचा टोपीवाला माथा. फोटोचा उजळपणा वाढवून पाहिला, टोपीच जास्त पांढरी झाली.

सायंकाळी ७
नोंदी. गाव, साल, घरच्यांनी सांगितलेली नाती आधी. इंजिनाची जात नंतर. साल लग्नावरून काढायचं. रेल्वेचं साल कोणाला आठवत नाही, लग्नाचं सगळ्यांना.

८.३०
काकांच्या मुलाचा फोन. "आजीचा फोटो मोठा करून द्या की, भिंतीला लावायचाय. मागचं ते काळं काय हाय ते काढून टाका." ते काळं म्हणजे इंजीन, मी म्हणालो. "असू द्या, आजी नीट दिसंना."

दोन प्रती काढल्या. इंजिनाशिवायची भिंतीसाठी, इंजिनासकटची काकांच्या हातात द्यायला.