गाडीचे पुढचे बुश : ओळख आणि बदल

अमरावती-अकोला भागात कापडाचे गठ्ठे घेऊन बाजार करणाऱ्या बंधूंना गाडीच्या पुढच्या चाकांची खटखट परिचयाची आहे. जून २०२२ मध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकेरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. पण गावरस्त्यांचे खड्डे आहेतच.

पुढचे चाक लोअर आर्मने गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. आर्मच्या सांध्यात दोन लोखंडी नळ्यांमध्ये रबर असते, तेच बुश. ते फाटले की गतिरोधकावर आवाज येतो, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. भरल्या गाडीत हे जिवावर बेतू शकते.

तपासताना गाडी घोडीवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. पहारीने आर्म हलवून पाहावा. रबर चिरलेले किंवा आर्म ढिला दिसला तर बुश बदलावे. आवाज दाबण्यासाठी ऑइल-डिझेल मारू नये. रबर फुगून खराब होते.

बुश हातोड्याने न ठोकता प्रेसवर काढावे व बसवावे, जुन्याची दिशा खूण करून. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. मिस्त्री बंधूंनी मुख्य गोष्ट ध्यानात ठेवावी : आर्मचा बोल्ट चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच पक्का कसावा. चाके लटकत असताना कसल्यास रबर पिळलेले राहते आणि नवे बुशही लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावे.

ग्राहकाची गाडी अमानत आहे. थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल, त्याला दुसऱ्यांदा खर्च पडू नये.