शिरोडकर टाका: कुणाला आणि का?

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातल्या संशोधकांची ओळख करून घेताना आज आपण डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्या कामाकडे वळू. १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोडा गावी जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, १९३१ मध्ये एफआरसीएस आणि पुढे ग्रँटमध्येच प्राध्यापकी. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. चरित्र एवढ्यावर थांबवू, कारण आपल्याला पाहायचा आहे तो त्यांनी सोडवायला घेतलेला प्रश्न.

काही स्त्रियांना दिवस राहतात, पहिले तीन महिने नीट जातात आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्यात गर्भ पडतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बऱ्याचदा मोठ्या कळाही येत नाहीत. त्या काळी डॉक्टर विश्रांती सांगत, हार्मोन देत. घरी मात्र ठपका बाईवरच: जड उचललं असेल, जिने चढली असेल!

शिरोडकरांचं लक्ष गेलं ते गर्भाशयमुखाकडे. आपण बोलताना गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतो, ते इथे चपखल बसतं. या पिशवीचं तोंड घट्ट तंतुमय ऊतीचं असतं. नऊ महिने ते मिटलेलं राहतं आणि बाळंतपणाच्या वेळी मऊ होऊन उघडतं. जन्मतः किंवा पूर्वीच्या इजेमुळे ते कमकुवत असेल, तर गर्भ वाढू लागल्यावर ते गुपचूप उघडतं. गर्भात दोष नसतो. मग हार्मोननं हे तोंड आवळलं जाईल कसं?

शिरोडकरांनी ते बांधायचं ठरवलं, तेही गर्भ पोटात असताना. योनिमार्गातून शस्त्रक्रिया करायची, मूत्राशय थोडं वर सरकवायचं आणि गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडाजवळ, त्वचेखालून पट्टी फिरवून ते आवळायचं. ही पट्टी ते रुग्णाच्या मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट पडद्यातून काढत. १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा सोपा टाका सुचवला. आजही हे दोन्ही टाके त्या दोघांच्या नावांनीच ओळखले जातात.

इथे एक अडचण उभी राहते. टाका घातला आणि मूल झालं, म्हणजे ते टाक्यामुळेच झालं का? टाक्याविनाही झालं असतं का? हे ठरवायला तुलना लागते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १२९२ स्त्रिया होत्या. टाका घालावा की नाही, याबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच खात्री नव्हती. टाका घातलेल्यांत ३३ आठवड्यांआधी प्रसूती झाली १३ टक्के जणींची, न घातलेल्यांत १७ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस जणींना टाका घातला, तर एकीची अकाली प्रसूती टळते. उलट बाजूला, बाळंतपणानंतर ताप येण्याचं प्रमाण दुप्पट झालं.

पण ज्यांच्या बाबतीत असं तीन किंवा अधिक वेळा घडलं होतं, त्यांच्यात हेच आकडे १५ आणि ३२ टक्के निघाले. म्हणजे शिरोडकरांच्या डोळ्यांसमोर ज्या स्त्रिया होत्या, त्यांनाच सर्वाधिक फायदा!

म्हणून आज आम्ही डॉक्टर आधी पूर्वेतिहास विचारतो, सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजतो. पूर्वी अकाली प्रसूती झालेली असेल आणि २४ आठवड्यांआधी ही लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा विचार होतो. सगळं सुरळीत असेल तर ३६-३७ आठवड्यांना तो काढतात.

तेव्हा 'पिशवीला टाका घालूया' असं कुणी सुचवलं, तर एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या बाबतीत का? पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भातल्याच गुणसूत्रदोषामुळे होतात, तिथे टाक्याचा उपयोग नाही. आणि दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच: दोष जिना चढण्याचा नव्हता.