हवेवर उभी राहणारी गाडी

सकाळच्या गर्दीत अंबरनाथच्या फलाटावर उभं राहिलं की नजर आपोआप लोकलच्या दाराला लटकलेल्या माणसांवर जाते. एखाद्या दिवशी ती जरा खाली, डब्याच्या फरशीवर न्यावी. बदलापूरहून गाडी भरूनच आलेली असते, इथं आणखी माणसं कोंबली जातात, आणि तरीही फरशी फलाटाच्या मानानं होती जवळपास तिथंच राहते. एका डब्यात साडेतीनशे माणसं आणि माणशी साठ किलो धरले, तर हा 21 टनांचा बोजा झाला. रेल्वेच्या हिशेबात ही गर्दी म्हणजे चौरस मीटरला 14 ते 16 उभे प्रवासी.

आता हेच आपल्या जुन्या मोटारीत पाहा. पाच जण बसले, गावाहून आणलेली तांदळाची गोणी डिकीत टाकली, की मागचा भाग बसतो. पुढच्या खड्ड्यात खाली काहीतरी आदळतं आणि सगळे एकदम गप्प होतात.

फरक पोलादाचा आणि हवेचा आहे. 2007 पासून मुंबईत धावू लागलेल्या, सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या लोकलचे डबे रबरी फुग्यांवर उभे असतात. डब्याला चार फुगे, म्हणजे वरच्या 21 टनांतले पाच टनांहून अधिक एकेकाच्या वाट्याला.

पोलादी स्प्रिंग बनवणाऱ्याला तिचा कडकपणा एकदाच ठरवावा लागतो. मऊ ठेवली तर भरल्या गाडीत ती पार दबते. कडक केली तर रिकामी गाडी हाडं खिळखिळी करते. हवेला अशी निवड करावीच लागत नाही. फुग्यातला दाब वाढवला की त्याची भार पेलण्याची ताकद वाढते आणि जवळजवळ त्याच प्रमाणात त्याचा कडकपणाही वाढतो. म्हणून गाडी रिकामी असो वा भरलेली, तिच्या हेलकाव्यांची लय फारशी बदलत नाही. वजन वाढलं की स्वतःहून तितकाच कडक होणारा पदार्थ आपण दर श्वासाला आत ओढतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. रॉबर्ट बॉईलनं 1660 साली हवेवरच्या प्रयोगांचं पुस्तक काढलं, तेव्हा त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ हे शब्द होते. दाबला तर दबणारा, सोडला तर फुलणारा लोकरीचा पुंजका, अशी उपमा त्यानं हवेला दिली होती.

उंची राखण्याचं काम एक साधा दांडा करतो. डबा खाली बसला की दांडा कलतो, झडप उघडते आणि फुग्यात हवा शिरते. माणसं उतरली की उलट कलून जास्तीची हवा बाहेर सोडतो.

जुन्या मोटारीत असे फुगे बसवायचे तर सर्वात सोपी वाट म्हणजे मागच्या पोलादी स्प्रिंगच्या पोटात एक लहान फुगा सारायचा आणि लांबच्या प्रवासाआधी टायरच्या पंपानं त्यात हवा भरायची. भार दोघं वाटून घेतात. पूर्ण बदल करायचा तर स्प्रिंगा काढून चारही चाकांवर फुगे, डिकीत कंप्रेसर आणि टाकी, नळ्या, विजेवर चालणाऱ्या झडपा. शॉकअप मात्र ठेवावेच लागतात. हवा भार झेलते, पण गाडीचं डोलणं थांबवत नाही. आणि गाडी उंच-सखल होऊ लागली की ब्रेकच्या रबरी नळीची लांबी, चाकांचा कोन, हेडलाइटचा झोत, सगळं पुन्हा तपासावं लागतं. फुगा जिथं टेकणार तो पत्रा गंजलेला नाही ना, हे सर्वांत आधी. इथले पावसाळे काढलेल्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न जीवघेणा ठरू शकतो.

पाऊस दुसऱ्या वाटेनंही आत येतो. जुलैची ओली हवा दाबून दहापट लहान जागेत कोंबली की तेवढ्याशा जागेत तिच्यातली सगळी वाफ मावत नाही. उरलेलीचं टाकीच्या तळाशी पाणी होतं. म्हणून कंप्रेसरपाशी ओल शोषणारे दाणे असतात आणि टाकीला खाली तोटी. ती वेळोवेळी सोडायची.

कायद्याची बाजू गंभीरपणे घ्यावी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती ठामपणे उचलून धरली. ‘एमएच 05’ची पाटी लावणाऱ्यांनी गॅरेजच्या आधी कल्याणच्या आरटीओत चौकशी करावी.

हवेचा खरा शत्रू गळती. 1957 मध्ये कॅडिलॅकनं आपल्या सर्वात महागड्या मोटारीला हवेची स्प्रिंग दिली. पुढं गळतीला कंटाळून अनेक मालकांनी पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर झुकलेली दिसली, तर मेकॅनिक भांड्यात साबणाचं पाणी करतो, नळीच्या प्रत्येक जोडावर ब्रश फिरवतो आणि वाट पाहतो. एका जोडावर हळूच एक बुडबुडा फुगू लागतो.