समुद्रापासून दूर, प्रवाळाच्या टाकीजवळ: नागपुरातील गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरसारख्या, दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर आत वसलेल्या शहरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी उभारता येत नाही, कारण तेथे समुद्राचे पाणीच मिळत नाही, ही समजूत सर्वांत जास्त ऐकू येते आणि तीच सर्वांत कमी खरी आहे. पाणी ही या छंदातील सहज सुटणारी अडचण होय. खऱ्या अडचणी दोन आहेत. पहिली विदर्भाच्या हवामानाची आणि दुसरी प्रवाळांना लागू असलेल्या कायद्याची. नेमक्या याच दोन बाबतींत नवख्या हौशी मत्स्यपालकांना सर्वांत कमी सांगितले जाते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि जगातील महासागरांत त्या क्षारांचे आपापसांतील प्रमाण जवळजवळ सारखेच आढळते. त्यामुळे योग्य क्षारांचे मिश्रण शुद्ध पाण्यात विरघळवून समुद्रासारखे पाणी कोठेही तयार करता येते, आणि २०० लिटरच्या टाकीसाठी असे सात-साडेसात किलो मिश्रण पुरते. मात्र स्वयंपाकघरातील मीठ म्हणजेच समुद्राचे मीठ, हा समज येथे घातक ठरतो. सागरी क्षारांत सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा वजनाने सुमारे ८५ टक्के असला, तरी उरलेल्या भागातच मॅग्नेशियम (लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम), कॅल्शियम (सुमारे ४१० मिलिग्रॅम) आणि पाण्याची अल्कता टिकवणारी बायकार्बोनेटे असतात. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा यांतूनच रचतो आणि माशांच्या शरीरातील क्षारांचा तोलही यांच्याशी निगडित असतो, म्हणून केवळ मीठ घातलेल्या पाण्याला समुद्राचे पाणी म्हणता येत नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा की, कृत्रिम पाण्यापेक्षा मुंबईहून आणलेले अस्सल समुद्रजल केव्हाही चांगले. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर ओलांडून पाण्याचे कॅन आणणे आता सोपे झाले असले, तरी महानगराच्या किनाऱ्यावरील पाण्यात गाळ आणि सांडपाणी मिसळलेले असते, पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने त्याची क्षारता घटते, आणि बंद कॅनमधील सूक्ष्मजीव प्रवासातच मरून पाणी बिघडू लागते. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले ते समुद्राला लागून; अशा संस्थेला समुद्र जवळ असण्याचा जो लाभ मिळतो, तो कॅनमध्ये भरून नागपूरला आणता येत नाही.

मिश्रण ज्या पाण्यात विरघळवायचे, त्याचा विचार मात्र काळजीपूर्वक करावा लागतो. पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी येथून येणारे नागपूरचे नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. परंतु त्यातील क्लोरीन जलचरांना आणि त्यांच्यासाठी आवश्यक असलेल्या जिवाणूंना अपायकारक असतो. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि त्यात नायट्रेट असण्याची शक्यता असते, जे शेवाळाचे खाद्य आहे. ‘आर.ओ.’ यंत्राने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने पाणी गाळून, विरघळलेले बहुतेक क्षार काढून टाकल्याशिवाय पुढचे सारे मोजमाप निरर्थक ठरते. पिण्याच्या पाण्याच्या अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी काही क्षार पुन्हा मिसळले जातात, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आता हवामानाकडे वळता येईल. प्रवाळ उष्ण कटिबंधातील प्राणी आहेत, तेव्हा त्यांना ऊन मानवतेच, असे गृहीत धरले जाते. पण हवेची उष्णता आणि समुद्राची उष्णता यांत मोठे अंतर आहे. प्रवाळांच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग यजमानाला पुरवते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एक-दोन अंशांनी काही आठवडे अधिक तापले, तरी ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. याच प्रक्रियेला विरंजन म्हणतात आणि लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींनी १९९८ व २०१६ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर अनुभवली. घरच्या टाकीतील पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे लागते, तर मे महिन्यात नागपूरची हवा ४५ अंशांच्या पलीकडे जाते आणि पंप व दिवे आपली उष्णता त्या पाण्यातच सोडत असतात.

यावर पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा पुरेसा आहे की महागडे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे शीतयंत्र, अनिवार्य आहे, याविषयी परस्परविरोधी सल्ले दिले जातात, आणि गंमत अशी की नागपुरात ते दोन्ही वेगवेगळ्या महिन्यांत बरोबर असतात. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती २०० लिटरच्या टाकीतून गेली, तर बाहेरून उष्णता परत न आल्यास पाणी जवळपास तीन अंशांनी थंड होते. वाळ्याच्या ताट्या लावलेला कुलर ज्या तत्त्वावर चालतो ते हेच आहे, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते उत्तम लागू पडते. परंतु जून सरल्यावर हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते आणि तोच पंखा जवळजवळ निरुपयोगी ठरतो; खोलीचे तापमान मात्र अजूनही ३० अंशांच्या आसपास असू शकते. टाकी आणि कुलर एकाच बंद खोलीत असतील, तर भर उन्हाळ्यातही कुलर त्या खोलीची हवा दमट करून टाकतो व पंख्याचा परिणाम घटतो. म्हणूनच केवळ मे महिन्याचा विचार करून केलेली व्यवस्था सप्टेंबरात तोकडी पडते, आणि तापमानावर अवलंबून आपोआप चालू-बंद होणाऱ्या शीतयंत्राचा खर्च आरंभीच्या अंदाजपत्रकातच धरणे शहाणपणाचे आहे.

बाष्पीभवनाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यामुळेच लहान टाकी सोपी असते हा लोकप्रिय समज कोसळतो. बाष्प होते ते केवळ पाण्याचे. क्षार मागे राहतात. ४० लिटरच्या टाकीतून दिवसाला एक लिटर पाणी उडाले, तर तीन दिवसांत क्षारता ३५ वरून जवळपास ३८ वर पोहोचते, आणि तेवढ्याच दिवसांच्या गावभेटीला गेलेल्या कुटुंबाच्या माघारी त्या टाकीतील जीव संकटात सापडतात. मोठ्या टाकीत हाच बदल बराच सावकाश घडतो, त्यामुळे पालकाला सावरण्यास वेळ मिळतो. घटलेली पातळी भरून काढताना खारे पाणी घालण्याची चूक वारंवार होते. तेथे फक्त शुद्ध गोडे पाणी घालावयाचे असते. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे प्रकाशाच्या वक्रीभवनावर आधारलेले साधन वापरावे. तरंगत्या काचनळीपेक्षा ते सहसा अधिक विश्वासार्ह असते.

टाकी भरल्यावर दुसऱ्याच दिवशी मासे सोडण्याची घाई का टाळावी, हे थोडक्यात सांगता येते. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया निर्माण होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्रजलाचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचे मान, सुमारे ८.२ असल्यामुळे अमोनियाचा विषारी अंश गोड्या उदासीन पाण्यापेक्षा येथे कितीतरी अधिक असतो, म्हणून गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई येथे खपत नाही. खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर समुद्रजलात ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यातील वीजखंडनात बॅटरीवर चालणारा हवापंप म्हणूनच अत्यावश्यक ठरतो. डास पळवणाऱ्या द्रवयंत्रांतील पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके मासे आणि कोळंबीवर्गीय जीव यांना अत्यंत विषारी असतात, तेव्हा टाकीच्या खोलीत ती वापरू नयेत.

सर्वांत गंभीर गैरसमज कायद्याचा आहे. दुकानात विकत मिळते ते कायदेशीरच असणार, असे मानून पुष्कळ सज्जन माणसे प्रवाळ घरी आणतात. वास्तविक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, जिच्यात वाघही आहे, भित्ती रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा २००१ मध्येच समावेश झाला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधी गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. प्रवाळ मेलेला असला तरी तो त्या संरक्षणातून सुटत नाही. म्हणून शोभेसाठी ठेवलेला पांढरा सांगाडा किंवा ‘लाइव्ह रॉक’ या नावाने विकला जाणारा, प्रत्यक्षात जुन्या प्रवाळाचाच असलेला खडक हे निरागस सजावटीचे सामान नव्हे. परदेशी मूळ सांगून विक्री केली, तरी प्रश्न मिटत नाही, कारण सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, दुसऱ्या परिशिष्टात असून त्यांचा परवान्यावाचून व्यापार बेकायदा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथील काही प्रवाळ वसाहती २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकरवी दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा महानगरपालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. त्या विभागाचे राज्य मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे शंका असलेल्या नागपूरकराला विचारणा करण्यासाठी लांब जावे लागत नाही.

या संरक्षणामागील कारण दूरचे नाही. मालवणचे प्रवाळ आणि विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा प्रवाळयुक्त उंचवटा ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचीच संपत्ती आहे, आणि अनेक कठीण प्रवाळ वर्षाला मोजक्याच मिलिमीटर-सेंटिमीटरने वाढतात. हातोडीच्या एका घावाने तुटलेली वसाहत पुन्हा उभी राहण्यास दशके लागू शकतात.

प्रवाळांवाचून टाकी ओकीबोकी दिसेल, ही भीती निराधार आहे. मातीचे किंवा सिमेंटचे भाजून-मुरवून घेतलेले सच्छिद्र खडक जिवाणूंना तितकाच आसरा देतात आणि काही महिन्यांत गुलाबी-जांभळ्या शैवालाने झाकले जातात. माशांपैकी क्लाउनफिश ही सुरुवातीला सर्वांत योग्य निवड होय, कारण केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम येथील केंद्रांत त्याच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे, आणि अशा केंद्रांच्या तंत्राने हॅचरीत जन्मलेले मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टाकीतील अन्न लवकर स्वीकारतात. समुद्रपुष्प (सी ॲनिमोन) नसले तर क्लाउनफिश जगत नाही, हा समजही चुकीचा आहे. समुद्रात त्याला शत्रूंपासून बचावासाठी त्याच्या दंशक शुंडकांच्या आसऱ्याची गरज असते, टाकीत शत्रूच नसल्यामुळे तो खडकाचा एखादा कोपरा आपला मानून तेथेच अंडी घालतो. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून मासा कोणत्या हॅचरीतून आला याची लेखी नोंद मागावी, आणि ती देण्यास नकार मिळाल्यास तो मासा घेऊ नये.