कॅसिनोच्या शिळेवर माणगावचे नाव

रोमच्या आग्नेयेस सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या कॅसिनो या इटालियन गावाजवळ, बेनेडिक्टाइन पंथाचा प्राचीन ख्रिस्ती मठ ज्या डोंगराच्या माथ्यावर उभा आहे त्या मोंते कॅसिनोच्या छायेत, दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. या डोंगरासाठी जानेवारी ते मे १९४४ या काळात चार लढाया झाल्या, त्यांत भारतीय पलटणीही होत्या.

दफनभूमीच्याच आवारात कॅसिनो स्मारक आहे. इटलीच्या मोहिमेत मारले गेलेले, परंतु ज्यांची कबर कोठे आहे हे ज्ञात नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे येथील हिरव्या संगमरवरी शिळांवर कोरलेली असून, वास्तुविशारद लुई द स्वासाँ यांनी रचलेल्या या स्मारकाचे अनावरण १९५६ मध्ये झाले. ज्याच्या घरच्यांना माथा टेकायला मूठभर मातीही उरली नाही, त्याच्यासाठी कोरलेले नाव हीच समाधी, आणि म्हणूनच येथील प्रत्येक अक्षराला कबरीइतकेच मोल आहे.

या नावांमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे हे सुपुत्र कॅसिनोला नव्हे, तर त्याच्या बरेच उत्तरेस, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. शत्रूच्या ठाण्यावर चढाई करताना मशीनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सर्वजण ठार वा जखमी झाले. मागे कोणीही उरलेले नाही हे ठाऊक असूनही घाडगे एकटेच पुढे धावले, हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्यास टॉमीगनने टिपले आणि काडतुसांची पेटी बदलण्यास उसंत नसल्याने बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच, लपून नेम धरणाऱ्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. युद्धभूमीवरील शौर्यासाठीचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

नाव कॅसिनोला आणि रक्त तिबेरच्या खोऱ्यात, हे अंतर उंब्रिया प्रांतातील मोंतोने या छोट्या डोंगरी गावाने जुलै २०२३ मध्ये कमी केले. तेथे घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले असून, माणसे सारी एकाच सूर्याखाली राहतात, असे सांगणारे लॅटिन ब्रीद त्यासाठी निवडले आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत, त्या सर्वांचे स्मरण येथे आहे. परक्या गावाने आपणहून ठेवलेली ही जाण कोणत्याही सरकारी सोहळ्यापेक्षा मोलाची आहे.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. रोमला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी मात्र एक दिवस राखून कॅसिनोला जावे, मराठा पलटणीची शिळा शोधावी आणि तिच्यावरील सगळी नावे मोठ्याने वाचावीत.