पाद्री म्हणजे पिता

आपल्या गावांतून 'फादर' हा शब्द आता इतका रुळला आहे की, कुणी 'पाद्री' म्हटले तर तरुण मंडळी किंचित बिचकतात. हा शब्द कधीकधी तुच्छतेनेही उच्चारला जातो, हे त्याचे एक कारण असावे. परंतु आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचा हा शब्द मुळात मुळीच हलका नाही.

पोर्तुगीज भाषेतील 'पाद्रे' हे त्याचे मूळ. तो शब्द लॅटिन 'पातेर'वरून आला, आणि 'पातेर' हे तर आपल्या संस्कृत 'पितृ'चेच भावंड. तिन्हींचा अर्थ एकच : पिता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर हा शब्द गोवा आणि वसईच्या किनाऱ्यावर उतरला. १५८० साली रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे येशूसंघीय सोबती फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारी गेले, आणि तेथील फारसी लिखाणातही तो शिरला.

लोकांनी या शब्दाला कोणता मान दिला, हे पाहावयाचे असेल तर सुरतेकडे वळावे. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर. तेथे नाना देशांचे व्यापारी व धर्मगुरू येत. १६१६ साली एडवर्ड टेरी नावाचे इंग्रज धर्मोपदेशक सुरतेच्या बंदरी उतरले व जहांगीर बादशहाकडे आलेल्या इंग्रज वकिलाच्या सेवेत रुजू झाले. ते रोमच्या आज्ञेत नव्हते. तरीही येथील लोक त्यांना 'पाद्री'च म्हणत. आपण पाद्री आहोत एवढ्यावरूनच रस्त्यात भेटणारे लोक आपला आदर करीत, असे त्यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. लोकांनी पंथ विचारला नाही. हा देवाचा माणूस, एवढेच पाहिले.

पुढे जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. धनिकांच्या हवेल्या लुटल्या गेल्या, शहरात आगी लागल्या. त्या वेळी फादर आंब्रोज हे कपुचिन संघाचे फ्रेंच मिशनरी तेथे राहत होते. फिरंगी पाद्री हे भले लोक आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशा आशयाची आज्ञा महाराजांनी केली व त्यांचे घर सुरक्षित राहिले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेविले आहे. डच व्यापाऱ्यांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही महाराजांनी वाचविले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता, असेही तो सांगतो. वाचकहो, या दोन घरांची जोडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एक ख्रिस्ती, एक हिंदू. दोघांनाही वाचविले ते त्यांच्या चांगुलपणाच्या लौकिकाने. शस्त्राचा पहारा दोन्ही दारांशी नव्हता.

'फादर' हा शब्द इंग्रजीतून आला, 'पाद्री' पोर्तुगीजमधून. अर्थ तोच राहिला. ख्रिस्तामध्ये शिक्षक पुष्कळ लाभतात, पण पिते थोडे, असे संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना बजावले आहे. ज्याला ही पदवी मिळते त्याच्यावर पित्याची जबाबदारी येते, आणि जे ती उच्चारतात त्यांच्यावर लेकरांचे नाते निभावण्याची. तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी 'पाद्री' म्हणाली तर त्यांना टोकू नका. त्या शब्दाने सुरतेच्या धामधुमीतही आपला मान राखला होता.